उन्हाळ्यात पालकाच्या जोडीला चाया लावली, तिचा रिव्ह्यू (एका डबेवालीकडनं)

आधी निकाल सांगते, मग वाटलं तर पुढचं वाचा. चाया नावाचं जे झाड हल्ली नर्सरीवाले ‘ट्री पालक’ म्हणून विकूलालेत ते घ्यावं काय, तर होय घ्यावं, परड्यात म्हणजे परसात एक कोपरा रिकामा असेल, नळ आठवड्यानं सुटत असेल आणि भाजी वीस मिनिटं उकळायची तयारी असेल तर. पालक बंद करून चाया लावावी काय, तर नको. दोघांचा सीझन वेगळा, दोघांचं काम वेगळं आणि खर्च पण वेगळ्या खिशातनं जातो, पालक पाणी खातो आणि चाया गॅस खाते.

मी बेळगावच्या वडगावात डबे करते. उद्यमबागेत कामाला जाणारी माणसं आणि बाहेरगावनं शिकायला आलेली पोरं, असं गिऱ्हाईक. डब्यात रोज एक पालेभाजी द्यायचीच हा माझा नेम, मग मेथी, शेपू, तांदळी, पोकळा, अंबाडी असं फिरवत राहायचं, त्यात पालक जास्तच होतो कारण शेपू दिसला की पोरं वाटी तशीच परत पाठवतात, पालक मात्र डाळीत घोटून घातला की कळत पण नाही त्यांना आणि मुकाट जेवतात. थंडीत गणपत गल्लीत बसणाऱ्या मावश्यांकडं दहा रुपयाला चांगली गच्च जुडी मिळते, पहाटे शिवारातनं काढलेली, मुळाला काळी माती तशीच. एप्रिल लागला की तीच जुडी वीस-पंचवीस रुपये, त्यात निम्मी देठं, आणि अकरा वाजेपर्यंत नाही घेतली तर पानं अशी मान टाकून पडतात की पाणी मारून पण उठत नाहीत. डब्याचा दर काय मला दर महिन्याला वाढवता येत नाही, म्हणून घरी काय लावता येईल ते बघूया म्हटलं.

पालकाचा अनुभव आधी सांगते, तो मला जुना आहे. बी-बियाण्याच्या दुकानात ‘ऑल ग्रीन’ नावाचं पाकीट सर्रास मिळतं, ‘पुसा ज्योती’ पण मिळते, आणि बेंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेची ‘अर्का अनुपमा’ म्हणून एक जात आहे ती पण चांगली. हा आपला बाजारातला देशी पालक बीटच्या जातकुळीतला बरं का, इंग्रजी पुस्तकातला स्पिनॅच वेगळा, तो मूळचा इराणकडचा. म्हणून तर देशी पालकाचं बी बीटसारखंच खडबडीत खडा असतो आणि एका बीतनं दोन-तीन कोंब येतात. नवीन माणूस बघतो तर एकाच जागी तीन रोपं, त्याला वाटतं बी जास्त पडलं. तसं काय नाही, तो खडा म्हणजेच दोन-तीन बियांची गाठ. रात्रभर पाण्यात भिजवायचं, बोटाच्या पेराएवढं खोल पेरायचं, आठ-दहा दिवसांत वर येतं, महिन्या-सव्वा महिन्यात पहिली कापणी, बुडाशी दोन बोटं ठेवून कापलं की परत फुटतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आमच्या बेळगावच्या थंडीत याच्यासारखी सोपी भाजी नाही. थर्मोकोलच्या माशाच्या पेटीत येतो, फुटक्या बादलीत येतो, गच्चीवर येतो, कुठंही येतो.

खरं (आमच्याकडं ‘पण’च्या जागी ‘खरं’ म्हणतात) मार्च संपला की त्याची नाटकं सुरू. दोन वेळा पाणी पाहिजे. एक वेळ चुकली की पानं जाड, कडवट, आणि मधनं दांडा काढून फुलावर जातो, मग त्या पानाला चव नाही की काय नाही. उन्हाळ्यात गच्चीवर सावलीची हिरवी जाळी बांधायची, वाफ्यात पाचोळा टाकायचा, एवढं सगळं करून जे हातात येतं ते एका वेळच्या आमटीला पुरतं. आणि पाणी कुठनं आणायचं हा खरा प्रश्न. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात नळ आठवड्यानं सुटतो, कधी त्याच्याही पुढं जातो, राकसकोपच्या तलावाचं पाणी खाली गेलं की पेपरात फोटो येतात आणि आम्ही टाकीच्या काठावर रेघ मारून पाणी वापरतो. २०२३ चा जून आठवतो काय कोणाला, पाऊस नाही म्हणजे नाहीच. अशा वेळी भांडी घासायला पाणी नसताना पालकाला दोन वेळा शिंपत बसले तर सासूबाई मलाच गच्चीवरनं खाली टाकतील.

तर चाया. खानापूर रोडच्या अंगाला एका नर्सरीत मिळाली, नाव लिहीत नाही, का ते पुढं कळेल. फूट-सव्वा फुटाचं रोप, काळ्या पिशवीत, ऐंशी रुपये. पान बघितलं तर पपईच्या कोवळ्या पानासारखं, बोटं फुटलेलं, गडद हिरवं, देठ लांब, मोडलं की पांढरा चीक. खोड जाड आणि जरा फोफसं. रोप तब्येतीनं चांगलं होतं, माती पण बरी होती, पॅकिंगला माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती विकणाऱ्या माणसाच्या तोंडाबद्दल. मी विचारलं कशी करायची ओ भाजी, तर तो म्हणतो, “काय नाही मावशी, रोज सकाळी दोन पानं कच्ची चावून खावा, नाहीतर मिक्सरला ज्यूस करा, शुगर पळून जाते.” हे ऐकून मी तिथंच त्याला झापलं. कारण चायाची पानं कच्ची खायची नसतात. अजिबात नाही. ज्यूस नाही, सॅलड नाही, कोशिंबीर नाही.

कारण नीट समजून घ्या. ही चाया एरंडाच्या कुळातली, मूळची मेक्सिकोतल्या युकातान भागातली, तिथली माया माणसं पिढ्यान्‌पिढ्या खात आलीत. याच कुळात तो साबुदाण्याचा कंद पण येतो. त्या कंदात जसं सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं तसंच चायाच्या कच्च्या पानात असतं. पान चिरलं, वाटलं, चावलं की ते मोकळं होतं. उकळलं की ते वाफेबरोबर उडून जातं आणि भाजी खाण्यालायक होते. म्हणजे मिक्सरमधनं हिरवा ज्यूस काढून गाळून प्यायचा म्हणजे नेमकं जे करायचं नाही तेच करायचं. आणि हा सल्ला देणारा माणूस रोज किती जणांना रोप विकत असेल देव जाणे. एक साधा कागद छापून पिशवीला टाचायला काय जातंय, ‘पानं वीस मिनिटं उकळून मगच खावीत’ एवढं एक वाक्य, कन्नडमध्ये एकदा आणि मराठीत एकदा. रोपाला पाचपैकी चार देते, दुकानदाराला एक, आणि तो एक पण रोप जगलं म्हणून.

शुगरचं पण सांगून ठेवते. तिकडं मेक्सिकोत घरगुती औषध म्हणून चाया वापरतात हे खरं, खरं त्याच्यावर भरवसा ठेवून इथं कुणी गोळ्या बंद करू नका. आमच्या शेजारच्या अण्णांनी विचारलंच मला, “गोळी सोडली तर चालतंय काय?” म्हटलं अण्णा, मी डबेवाली, डॉक्टर नव्हे, भाजी भाजीसारखी खावा.

लावायला मात्र हिच्यासारखं सोपं काही नाही. बी शोधायच्या भानगडीत पडू नका, ही लावलेली झाडं बहुतेक बी धरतच नाहीत, पांढरी बारकी फुलं येतात आणि गळून जातात. कांडी लावायची. पेन्सिलपेक्षा जाड, हातभर नको, वीतभर-दीड वीत पुरे, पानं सगळी काढून टाकायची, आणि कापलेलं टोक सावलीत दोन-तीन दिवस वाळू द्यायचं म्हणजे चीक सुकतो. ओल्या चिकासकट मातीत खुपसली की बुडातनं कुजते. माती आमच्याकडं मच्छेकडनं आणलेली तांबडी, त्यात थोडी वाळू आणि शेणखत. सुरुवातीला रोज पाणी घालायचा मोह होतो, तो आवरायचा. पान नसलेली कांडी बरेच दिवस नुसती लाकडासारखी उभी असते, आमच्या सासूबाई रोज जाता-येता बोलायच्या, “काटकीला पाणी घालूलालीस बघ.” मग एक दिवस डोळ्यातनं बारीक हिरवं टोक दिसतं आणि तिथनं पुढं तिला कोण अडवत नाही.

पुढचा उन्हाळा हीच खरी परीक्षा होती आणि त्यात चाया चांगल्या मार्कांनी पास झाली. मुळं एकदा खाली गेली की नळ आला तेव्हा दोन तांबे पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, डाळ धुतलेलं पाणी, बास. वळिवाचा एक पाऊस पडला तर तेवढं पण नको. मे महिन्याच्या दुपारी शेजारच्या गच्चीवरचा पुदिना, कोथिंबीर सगळं वाळून पापड झालेलं आणि ही आपली परड्यात गडद हिरवी उभी. गल्लीतनं जाणारी एक कन्नड अक्का कंपाउंडला टेकून विचारायची, “इद्याव पल्ले री?” म्हणजे ही कुठली भाजी ओ. मी म्हणायची चाया, मग ती म्हणायची चहा? असं आमचं रोजचं चालायचं.

मोकळी सोडली तर वीस फुटाच्या आसपास जाते म्हणे, मी जाऊ देत नाही, डोक्याच्या उंचीवर छाटते. छाटली की बगलेतनं चार फांद्या फुटतात, पानं जास्त आणि हाताशी. छाटलेल्या कांड्या परत लावायच्या नाहीतर वाटायच्या. एक नियम पाळते, एका वेळी झाडाची निम्म्याहून जास्त पानं ओरबाडायची नाहीत, आणि लावल्यावर झाड नीट अंग धरेपर्यंत तर हात लावायचाच नाही. तोडताना हातमोजे घालते. काही जातींना पानाच्या देठावर बारीक केस असतात ते खाजतात, माझ्या झाडाला फारसे नाहीत, खरं चीक हाताला लागला की चुरचुरतं आणि डोळ्याला तर चुकून पण लागू द्यायचा नाही. पोरांना तोडायला पाठवू नका.

आता स्वयंपाक. इथं पालक चायाच्या कितीतरी पुढं आहे आणि याबाबतीत मी कुणाचं ऐकून घेणार नाही. पालक म्हणजे धुतला, चिरला, कढईत टाकला, पाच मिनिटांत खाली बसला. लसणाची फोडणी, शेंगदाण्याचा कूट, झालं. सकाळी साडेसहाला डबे भरायचे असतात तेव्हा पाच मिनिटांची किंमत काय असते ते डबेवालीला विचारा. चायाचं तसं नाही. पानं धुवायची, जाड देठ काढायचं, मोठं पाणी उकळत ठेवायचं, त्यात पानं सोडायची आणि झाकण न ठेवता वीस मिनिटं. झाकण का नाही, तर जे उडून जायला पाहिजे ते उडून जाऊ दे. तिकडचे लोक ते उकळलेलं पाणी पण सारासारखं पितात असं वाचलंय, मी ओतून टाकते, मला चालत नाही. मग गार करून चिरायची आणि तिथनं पुढं तुमची नेहमीची भाजी सुरू. म्हणजे फोडणी घालायच्या आधीच एक शेगडी अर्धा तास अडकलेली. रविवारी चालतं, रोज नाही.

आणि भांडं! ही गोष्ट आमच्या भागातल्या बायकांनी तर डोक्यात पक्की ठेवायला पाहिजे. चाया जर्मनच्या पातेल्यात शिजवायची नसते. जर्मन म्हणजे अॅल्युमिनियम, आमच्याकडं जर्मनच म्हणतात. त्याच्याशी काहीतरी होऊन पोट बिघडतं, जुलाब लागतात असं चाया खाणारे सगळेच सांगतात, आणि मी प्रयोग करून बघायला मोकळी नाही कारण माझ्या मागं डबे खाणारी माणसं आहेत. आता बेळगावात हिंडाल्कोचा (पूर्वीच्या इंडालचा) अॅल्युमिनाचा कारखाना, आणि घराघरात मोठं भांडं म्हटलं की जर्मनचंच, माझ्याकडं पण डाळीचं, भाताचं सगळं जर्मन. चायासाठी मी स्टीलचं एक पातेलं वेगळं ठेवलंय, त्याच्या कानाला लाल दोरा बांधलाय म्हणजे मदतीला येणारी बाई घाईत दुसरं उचलत नाही. लोखंडी कढईत फोडणी द्यायला माझ्या मते हरकत नाही, उकळायला मात्र स्टील नाहीतर मातीचं.

चव? बरी. फार बरी नाही, वाईट तर नाहीच. उकळल्यावर पण पान पानासारखं राहतं, पालकासारखं चिखल होत नाही, दाताला जरा लागतं, चव सौम्य, शेवग्याच्या पाल्याच्या जवळपास जाते खरं तेवढी उग्र नाही. पालकाला जी ती खारट-तुरट ओढ असते, जी डाळीत मिसळली की डाळ गोड लागते, ती हिच्यात नाही. म्हणून डाळ-चाया करू नका, फुकट जाते. त्यापेक्षा गरगट्टं म्हणजे घोटलेली भाजी करा, चाया अर्धी आणि अंबाडी अर्धी, अंबाडीचा आंबटपणा आणि चायाचं अंग, वरनं लसूण-लाल मिरचीची फोडणी, सोबत जोंधळ्याची भाकरी, मग मला सांगा. दुसरं म्हणजे वड्या, उकळून चिरलेली चाया, बेसन, थोडं तांदळाचं पीठ, तीळ, ओवा, हळद-तिखट, वाफवायच्या आणि तव्यावर तेल सोडून खरपूस करायच्या. याला पालक कधीच जमत नाही, पालकाला पाणी सुटतं आणि वडी भिजकी होते. चायाची वडी सुटी, कडक, दुसऱ्या दिवशी पण चांगली. मेक्सिकोत मक्याच्या पिठात घालून उकडतात म्हणे, म्हणजे जगभर पालेभाजीला पीठ लावून वाफवायची अक्कल सारखीच. ताकातल्या भाजीला पण बरी, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे भिजवून घालायचे.

डब्यातनं दिली काय, तर दिली, खरं सांगून दिली. नवीन भाजी आहे, नीट उकळलेली आहे, नको असेल त्यानं आदल्या दिवशी सांगायचं. उद्यमबागेतल्या माणसांनी गरगट्टं चाटूनपुसून खाल्लं. पोरांनी वड्या संपवल्या आणि भाजी ठेवली. म्हणजे त्यांच्या लेखी चाया पण शेपूच्याच रांगेत.

पौष्टिकपणाचा तो एक तक्ता सगळीकडं फिरतो त्याबद्दल पण बोलायला पाहिजे. शंभर ग्रॅम ताज्या पानांमागं चायात प्रथिनं ५.७ ग्रॅम, स्पिनॅचमध्ये (म्हणजे इंग्रजी पालकात, आपल्या देशी नव्हे) ३.२. कॅल्शियम १९९ मिलिग्रॅम विरुद्ध १०१. लोह ११.४ विरुद्ध ५.७. सी जीवनसत्त्व तर १६५ विरुद्ध ४८. आकडे बघून कुणालाही वाटेल की पालक घरी आणणारा येडाच. खरं हे आकडे कच्च्या पानाचे आहेत, आणि चाया कच्ची कुणी खात नाही, खायची पण नाही. वीस मिनिटं उकळल्यावर सी जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं आणि उरलेल्यातलं काही पाण्यात उतरतं, ते पाणी मी ओतून देते. त्यामुळं त्या १६५ वर मी तरी जीव टाकत नाही, वरनं लिंबू पिळते आणि मोकळी होते. प्रथिनं आणि कॅल्शियमचं तसं नाही, ते उकळून उडून जात नाही, तिथं चाया पुढं आहे असं म्हणायला माझी ना नाही. पालकाची दुसरी अडचण म्हणजे त्यातलं ऑक्झॅलेट, ते त्यातल्याच कॅल्शियमला धरून बसतं आणि अंगी लागू देत नाही, आणि मुतखड्यावाल्याला डॉक्टर पहिलं पालक बंद करायला सांगतात ते याच्यामुळंच. म्हणून पालक बंद झालेल्यांनी चाया सुरू करायची काय, तर ते पण त्याच डॉक्टरला विचारून करा.

वजनाचा एक हिशोब मात्र तक्त्यात दिसत नाही. पालकात नव्वद टक्क्याच्या वर पाणीच असतं, टोपलीभर चिरला तर वाटीभर भाजी होते, नवीन सुनेला पहिल्यांदा कळत नाही आणि जेवायला बसल्यावर सगळे एकमेकांच्या ताटाकडं बघतात. चाया एवढी बसत नाही. त्यामुळं उन्हाळ्यातल्या पंचवीस रुपयांच्या जुडीशी तुलना केली तर ऐंशीचं रोप केव्हाच वसूल, गॅस धरून पण वसूल, जर तुम्ही एकदम मोठं पातेलं उकळून दोन दिवसाचं काम करून ठेवत असाल तर. माझं तसंच असतं, उकळून पिळून गोळे करून फ्रीजमध्ये. दोन माणसांच्या घरात मूठभर पानांसाठी वीस मिनिटं शेगडी जाळायची म्हणजे मात्र हिशोब उलटा.

पावसाळ्यात काय होतं ते पण ऐका, कारण बेळगावचा पाऊस म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळत नाही. जुलैत पालक तर संपलाच, पानावर ठिपके, गोगलगायी, चिखल उडून सगळा वाफा मळलेला, बाजारात पण जो येतो तो धुता धुता जीव जातो. चाया दुष्काळ सोसते खरं पाणी तुंबलेलं सोसत नाही. आमच्या परड्यात उंचवट्यावर लावलीय म्हणून टिकली, मैत्रिणीनं बळ्ळारी नाल्याच्या अंगाला काळ्या मातीत लावलेली बुडातनं कुजून गेली. काळी माती असेल तर वरंबा करा नाहीतर जुन्या ड्रमला खालनं भोकं पाडून त्यात लावा. आणि थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, चाया रुसते. पानं लहान, नवीन फूट नाही, काही पिवळी पडून गळतात. मेलेली नसते, थांबलेली असते. तेव्हाच नेमका पालक जोरात असतो, त्यामुळं माझ्याकडं आता आपोआप वाटणी झालीय, दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत पालक, शिमग्यानंतर मिरगापर्यंत चाया, आणि पावसाळ्यात तांदळी, घोळ, भारंगी जे काय रानातनं येईल ते.

कीड म्हणाल तर चायाला जवळपास नाही. कधी फांदीच्या बेचक्यात पांढरा पिठ्या ढेकूण दिसला, पाण्याच्या जोरानं धुतला, गेला. पालकाला नागअळी लागते, पानात पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा दिसतात ना तीच, ती पानं काढून टाकायची, औषध मारायचं नाही कारण चार दिवसांनी आपणच खाणार.

एक सावधगिरी राहिली. गावाकडं कुंपणाला मोगली एरंड असतो, तो विषारी, त्याचा पण चीक, त्याचं पण पान बोटं फुटल्यासारखं. बागेत शोभेला लावतात ती लाल फुलांची जट्रोफा पण याच नात्यातली आणि ती पण खायची नाही. त्यामुळं कुणी म्हटलं आमच्या बांधावर चाया आहे, घेऊन जा, तर लगेच पिशवी घेऊन पळू नका. ज्याच्या घरात ती भाजी शिजते आणि माणसं खातात त्याच्याकडचीच कांडी घ्या. शंका असेल तर फूल यायची वाट बघा, चायाचं फूल बारकं, पांढरं, झुपक्यात येतं. आणि घरात लहान मूल किंवा बाळंतीण असेल तर मी तरी पालकावरच राहीन, उगाच नवीन काही नको.

रेटिंग द्यायचंच तर पालकाच्या बियाण्याच्या पाकिटाला थंडीत पाचपैकी पाच, उन्हाळ्यात दीड. चायाला उन्हाळ्यात साडेचार, अर्धा कापला तो गॅसचा, आणि वर्षभराची सरासरी काढली तर साडेतीन. शहरात फ्लॅटमध्ये बाल्कनीतल्या कुंडीत लावायचा विचार असेल तर येईल, खरं कुंडी मोठी घ्या आणि छाटत राहा. ऑनलाइन मागवणाऱ्यांनी पानासकट रोप मागवू नये, कुरिअरमध्ये घुसमटून पिवळं होऊन येतं, नुसत्या कांड्या मागवा, प्रवासात टोक आपसूक वाळतं आणि लावायला तयार. केरळकडचे बरेच जण पाठवतात, तिकडं परसात ही भाजी चांगली रुळलीय. धारवाडला कृषी मेळा भरतो तिथं नर्सऱ्यांचे स्टॉल असतात, तिथं पण विचारून बघा, आणि विचाराल तेव्हा विकणाऱ्याला आधी एवढंच विचारा की कशी शिजवायची. “कच्ची खावा” म्हणाला तर पुढच्या स्टॉलवर जावा.